टॅलो गाडीचा दांडा

१

वासूअण्णांचं जेवण घेऊन केशर जुन्या रेल्वे शेडपाशी पोचली, तेव्हा आत काहीच आवाज नव्हता. सकाळभर लोखंड खरवडल्याचा आवाज तिच्या खळ्यापर्यंत येत होता. तो कधी थांबला, हे कामाच्या नादात तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"अण्णा, जेवून घ्या," तिने बाहेरूनच हाक दिली.

उत्तर आलं नाही. ती आत गेली. गाडी नेहमी दाराजवळ उभी असायची. आज ती रुळाच्या दुसऱ्या टोकाला, मागच्या दगडी भिंतीला भिडलेली होती. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये वासूअण्णा उभे होते. त्यांना पडायला जागाच उरली नव्हती. मान छातीवर आली होती आणि उजव्या हातात खरवडणी तशीच होती.

केशरने जेवणाचा डबा उंबऱ्यावर नीट ठेवला आणि ती घरी चालत आली. पडवीत तिचा बाप धाकलू वेळीप आणि रामनगरचा ओंकार देसूरकर नुकतेच जेवून उठले होते. ती दोघांकडे बघत नुसती उभी राहिली.

"काय झालं गे?" धाकलूने विचारलं.

"गाडी भिंतीला लागली," ती म्हणाली.

२

सबइन्स्पेक्टर शिल्पा मिराशी जोयड्याहून कुंभारवाड्याला आली, तेव्हा वाडीतली माणसं शेडपासून लांब, माडाखाली गोळा झाली होती. कुणी जवळ यायला तयार नव्हतं.

गाडी दिसायला साधीच होती. रुळावरून पेट्रोलवर धावणारी, सहा माणसं बसतील एवढी, वर लाकडी छत. या रानात एके काळी मँगनीजची खाण होती आणि खाणीची स्वतःची छोटी रेल्वे होती. साहेब लोकांना फिरण्यासाठी ही गाडी विलायतेतल्या टॅलो नावाच्या लहानशा कारखान्यातून आणली होती. खाण बंद पडली, रूळ उखडून नेले, शेडमधला तुकडा तेवढा राहिला. जमीन वेळीपांची, म्हणून गाडीची राखण धाकलूच्या आजाकडे आली आणि तिथून धाकलूकडे.

वासूअण्णा, म्हणजे वासुदेव हलगेकर, हुबळीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले. राहायला बेळगावात. टॅलो कारखान्याचा इतिहास लिहायचा त्यांना ध्यास लागला होता. जिथं जिथं टॅलो गाडीचा सांगाडा शिल्लक आहे असं कळे तिथं ते जात. कुंभारवाड्याला तर ते वर्षातून दोन-तीनदा येत आणि धाकलूच्या पडवीत मुक्काम करत.

"मॅडम, ह्या गाडीला माणूस लागतो म्हणतात," हवालदार परशू हळूच म्हणाला. "खाणीच्या वेळेला बी एक जण गेला हुता."

"आज गाडी भिंतीकडे कशी गेली ते बघू."

ड्रायव्हरच्या बाजूला कमरेएवढा लोखंडी दांडा होता. तो पुढे झुकलेला होता.

"ह्यो ब्रेक," परशू म्हणाला. "सोडलेलाच हाय. आपल्या जीपचा बी असाच, मागं ओढला की लागतो, पुढं केला की सुटतो. रूळ भिंतीकडं उतरता हाय. म्हातारा पुढं काम करत बसला, गाडी आली अंगावर."

अण्णांना काढायचं तर गाडी मागे घ्यायला हवी होती. वाडीतल्या आठ-दहा जणांना कसंबसं तयार केलं. त्यांनी खांदे लावले, पण गाडी हलेना. शेवटी पोलिसांच्या जीपला दोर बांधून ती वर ओढली. रुळावर लोखंड किंचाळत होतं आणि बाहेर उभ्या असलेल्या बायांनी कान झाकून घेतले. गाडी दाराशी आली. दोर सोडला तरी ती उतारावर तशीच उभी राहिली.

"गंजून धरली असंल," परशू घाम पुसत म्हणाला.

शिल्पा खाली वाकली. रुळावर दोन लांब, चकचकीत ओरखडे उठले होते. चाकं फिरलीच नव्हती, घसरत आली होती. गाडीच्या पुढच्या आडव्या तुळईवर तळहाताएवढी जागा नुकतीच खरवडलेली होती आणि तिथं लोखंडात ठोकलेला आकडा दिसत होता: १४. त्याच्या वरच मात्र पितळेची चकचकीत पाटी होती. तिच्यावर कोरलेलं होतं: टॅलो, क्रमांक १.

धाकलू बाहेर जांभ्याच्या दगडावर बसून होता.

"काका, ब्रेक तुम्हीच बघता ना?" शिल्पाने विचारलं.

"व्हय. रोज मीच बघतो. काल सांजचं बी दांडा पुढं केला हुता मी." त्याने मान वर केली नाही. "दांडा पुढं केला हुता, तरी गाडी गेली. मीच जबाबदार हाय. मला न्या."

परशूने शिल्पाकडे बघितलं. कबुलीच मिळाली होती.

३

कविता बेळगावच्या कॉलेजात इतिहास शिकवत होती. अण्णांचं पुस्तक ती त्यांच्याबरोबर लिहीत होती. निरोप मिळाल्यावर ती आली आणि अण्णांच्या झाकलेल्या देहाजवळ बराच वेळ बसली. मग स्वतःच उठून शिल्पाकडे आली.

"माझं काहीतरी चुकलंय, ते आधी सांगते," ती म्हणाली. "ही टॅलोची पहिली गाडी आहे, असं मी पुण्याला एका सभेत जाहीर सांगितलं. लेख पण छापून आला. पाटी बघून मी विश्वास ठेवला. अण्णा मला सांगायलेले, थांब म्हणून. मी थांबले नाही."

"आणि आता?"

"काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, कविता, पाटी कुणीपण लावू शकतं. खरा नंबर तुळईत ठोकलेला असतो, उद्या रंग काढून बघतो. नंबर एक नसला तर तुला लेख मागं घ्यावा लागेल."

"राग आला तुम्हाला?"

"आला की," कविता सरळ म्हणाली. "लोक हसणार होते मला. पण मी आज सकाळी कॉलेजात होते. विचारा हवं तर."

"विचारीन. पाटी कुणी लावली असेल?"

"गेल्या खेपेला आलो तेव्हा ती तिथं नव्हती, असं अण्णा म्हणत होते. धाकलूमामा म्हणाले, ओंकारने साफ करून बसवली, त्याला रानात सापडली म्हणून."

कविताने झाकलेल्या देहाकडे बघितलं. "अण्णा फार सावध माणूस होते, मॅडम. सुटलेल्या गाडीपुढे ते कधीच बसले नसते."

४

ओंकार देसूरकर चाळिशीचा, बोलायला गोड. त्याचा काळी नदीकाठी रिसॉर्ट होता, आणि त्याच्या फाटकावर मोठं चित्र रंगवलेलं होतं: टॅलो गाडीचं. खाली लिहिलं होतं, जगातली पहिली टॅलो गाडी लवकरच इथे.

"धाकलूकाकांना कधीपासून सांगायलोय, गाडी मला द्या," तो म्हणाला. "विलायतेचे शौकीन लोक येणार हाईत बघायला, पुढच्या महिन्यात. गावाचं नाव व्हईल. काकांनी कबूल केलंय जवळजवळ."

"पाटी तुला सापडली?"

"खाणीच्या बाजूला, मातीत. घासून लावली. का हो?"

"सकाळी कुठं होतास?"

"काकांकडंच निघालो होतो. वाटेत टायर पंक्चर झाला, तो बदलला. मग काकांकडं जाऊन जेवलो. काका आणि केशर साक्षीला हाईत."

"शेडमध्ये गेला होतास?"

"न्हाई. मी तर वाटेवरनंच काकांच्या घरी गेलो. काल पण गेलो नव्हतो, चार-पाच दिवस तिकडं फिरकलोच न्हाई." त्याने डोळे पुसले. "म्हातारं माणूस, एकटंच काम करत बसायचं. एका दगडाच्या भरवशावर एवढं धूड उभं करायचं, मग दुसरं काय व्हणार? माझंच चुकलं, मी एक माणूस द्यायला पायजे होता हाताखाली."

शिल्पाने मान हलवली आणि त्याच्या जीपभोवती एक चक्कर मारली. मागे लटकवलेली स्टेपनी नवीकोरी होती. तिच्या मध्यात कोळ्याचं जाळं होतं आणि जाळ्यात वाळकी पानं अडकली होती.

ती कुंभारवाड्याला परत आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तिच्या डोक्यात धाकलूचं एक वाक्य दुपारपासून अडकून बसलं होतं. दांडा पुढं केला हुता, तरी गाडी गेली. ब्रेक सोडला असता तर माणूस म्हणेल, म्हणून गाडी गेली. धाकलू 'तरी' का म्हणाला?

केशर वाटेतच धावत समोर आली.

"मॅडम, बाबा न्हाईत घरात. मघापासून हाका मारतेय." तिला धाप लागली होती. "गोठ्यातला दोर बी जाग्यावर न्हाई."

५

शिल्पा धावत सुटली. मागे परशू, केशर, कविता. रानात एक धनेश पक्षी पंख वाजवत डोक्यावरून गेला आणि त्या आवाजानेही केशर दचकली.

शेडचं दार अर्धं लावलेलं होतं. शिल्पाने ते ढकललं.

धाकलू गाडीपाशी गुडघे टेकून बसला होता. त्याने गोठ्यातला दोर गाडीच्या चाकात ओवला होता आणि दाराच्या खांबाला गाठीवर गाठ मारत होता. त्याचे हात सोलले होते.

"बाबा," केशरने त्याला मागून मिठी मारली.

"बांधून ठेवतो हिला," धाकलू पुटपुटला. "मी गेल्यावर आनि कुनाला घेईल."

कविता पुढे आली. दांड्याकडे बघून ती गोंधळली.

"मामा, दांडा पुढं आहे की. मग बांधायला कशाला पाहिजे? ती हलणारच नाही."

शिल्पाने तिचा हात धरला. "काय म्हणालात? पुढे आहे म्हणजे सुटलेला ना?"

"नाही हो. टॅलो गाडीत उलटं असतं," कविता म्हणाली. मग तिला जाणवलं की इथं हे कुणालाच माहीत नाही. "इझाया टॅलो हा कोळशाच्या खाणीत ढकलगाडी हाकणाऱ्याचा मुलगा. त्याचा भाऊ त्याच्यासमोर गाडीखाली गेला. ब्रेक मागं ओढायचा होता, आणि घाबरलेला भाऊ पुढं झोकला गेला. पुढं टॅलोने स्वतःचा कारखाना काढला. वीस-तीस कामगार, वर्षाला मोजक्याच गाड्या. पण त्याने एक हट्ट धरला. भ्यालेला माणूस पुढं झुकतो, तर ब्रेकही पुढं ढकलल्यावरच लागला पाहिजे. तो जिवंत असेपर्यंत निघालेल्या सगळ्या गाड्या अशा आहेत. तो गेल्यावर भागीदाराने दांडा इतरांसारखा केला. पण ही गाडी त्याच्या हयातीतली. अण्णा हे प्रत्येकाला सांगायचे. म्हणजे, ऐकून घेईल त्याला."

शिल्पाने दांडा दोन्ही हातांनी मागे ओढला. दोराला अजून ढील होती. गाडी हळूच, आवाज न करता, भिंतीकडे सरकू लागली. तिने दांडा पुढे ढकलला. गाडी जागच्या जागी थांबली.



"काका," शिल्पा म्हणाली, "तुम्ही काल ब्रेक लावला होता. नीट लावला होता."

"मग गेली कशी?" धाकलूने विचारलं.

"ते उद्या सांगते. केशर, मला एक सांग. ओंकार जेवायला आला तेव्हा त्याने हात कशाने धुतले?"

केशर आठवू लागली. "पाण्यानं निघंना म्हणून राख मागितली. काळं वंगण लागलं हुतं. म्हनला, टायर बदलला."

शिल्पाने स्वतःचे तळवे बघितले. दांडा धरल्याने ते काळे झाले होते. सांधा ताज्या वंगणाने माखलेला होता आणि दांड्यावरही ते उतरलं होतं.

"हे वंगण कधी घातलं?" तिने विचारलं.

"आज सकाळी," केशर म्हणाली. "अण्णा वंगणाचा डबा घेऊन गेले आमच्याकडनं."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्पाने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. धुकं अजून उठलं नव्हतं. गाडी दाराजवळ उभी होती, दांडा पुढे. चाकापुढे परशूने एक मोठा दगड ठेवला होता. दोर सोडून टाकला होता.

"काल काय झालं ते मला समजून घ्यायचंय," ती म्हणाली. "ओंकार, तू जरा अण्णांच्या जागी उभा राहा. तिथं, गाडीपुढे. कविताताई, तुम्हीपण. काका, तुम्ही त्यांच्या शेजारी."

तिघं रुळात, उताराच्या बाजूला उभे राहिले. ओंकारची नजर दांड्याकडे गेली, मग दगडाकडे.

"परशू, दगड काढ," शिल्पा म्हणाली.

"मॅडम, थांबा," ओंकार म्हणाला.

परशूने दगड ओढला. ओंकारने बाजूला उडी घेतली आणि तो भिंतीवर आदळला. कविता आणि धाकलू जिथल्या तिथं उभे होते. गाडी तसूभरही हलली नव्हती.

"उडी मारणं गुन्हा नाही," शिल्पा म्हणाली. "परशूला काल सांगितलं नसतं तर त्यानेही मारली असती. तुला वाटतं दांडा पुढे म्हणजे ब्रेक सुटला. या गाडीत तो लागलेला असतो. काल अण्णा सापडले तेव्हाही दांडा पुढेच होता. दहा माणसांनी जोर लावला, गाडी हलली नाही. जीपने ओढली तर चाकं घसरत आली. अशी गाडी आपोआप उतरून माणसाला चिरडेल कशी? म्हणजे गाडी उतरली तेव्हा दांडा मागे होता. माणूस मेल्यावर तो कुणीतरी पुढे केला. धाकलूकाकांना आणि कविताताईंना दांडा ठाऊक आहे, ते असं कधीच करणार नाहीत. केलं ते अशा माणसाने, ज्याला वाटलं की दांडा मागे असला तर ब्रेक लावलेला दिसेल, आणि लावलेल्या ब्रेकची गाडी कुणी ढकलली असा संशय येईल."

"असा तर सगळा गावच हाय," ओंकार म्हणाला. त्याने हसण्याचा प्रयत्न केला.

"आहे की. पण सांध्यात वंगण घालून ते मुरू द्यायचं म्हणून अण्णांनी सकाळी ब्रेक सोडला आणि चाकापुढे दगड लावला. एरवी इथं कुणी दगड लावत नाही, काका ब्रेकवरच भरवसा ठेवतात. आम्ही आलो तेव्हा शेडमध्ये दगड नव्हताच. मग काल तू मला म्हणालास, एका दगडाच्या भरवशावर धूड उभं करायचं. तू चार-पाच दिवस इकडे फिरकला नव्हतास. दगड तू कुठं बघितलास?"

ओंकारची नजर दाराकडे गेली.

"तुझ्या स्टेपनीवर कोळ्याचं जाळं आहे. टायर बदललाच नाहीस. मग केशरकडून राख घेऊन हाताचं कुठलं वंगण काढलंस?"

परशू दारात जाऊन उभा राहिला. ओंकार खाली बसला.

"मी मारायला आलो नव्हतो," तो म्हणाला. "खरवडल्याचा आवाज ऐकून नुसतं सांगायला आलो होतो, आकडा लिहू नका म्हणून. त्यांनी मला तो दाखवला. चौदा. म्हणाले, ओंकार, पाटी तू बनवून घेतलीस, पुस्तकात तसं लिहावं लागंल. हसत होते. विलायतेचे लोक यायचे होते, फाटकावर चित्र रंगवून झालं होतं, सगळ्या रामनगराला सांगून झालं होतं. मी दगडाजवळ उभा होतो. ते म्हणाले, तिथं पाय लावू नकोस, गाडी त्याच्यावरच उभी हाय. आणि परत वाकून खरवडायला लागले."

"आणि तू पाय लावलास."

"लावला."

"दगड?"

"ओढ्यात."

कविता बाहेर निघून गेली. शेडच्या मागून तिच्या रडण्याचा आवाज येत राहिला.

७

ओंकारला घेऊन जीप गेली. शिल्पा धाकलूबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत आली. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्याच्या मनावरचं ओझं उतरलं असेल. पण तो पडवीत खांबाला टेकून बसला आणि अंगणाकडे बघत राहिला. वाडीतली दोन माणसं वाटेवरून गेली, त्यांनी हात केला. धाकलूने केला नाही.

"काका, तुमचं काही चुकलं नव्हतं," शिल्पा म्हणाली. "गाडीचंही नाही."

"गाडीला भ्यायचो मी. लहान होतो तवापासनं," तो म्हणाला. "आज्यानं सांगितलं हुतं, तिच्याकडं पाठ करू नको. ती कुठं उभी हाय ते ठाऊक असायचं, म्हणून भीती सोसायची." त्याने शेजारची जागा हाताने चाचपली. "त्यो अण्णाला मारून हितं येऊन बसला. माझ्या शेजारी. भात लई चांगला झालाय म्हनला. मला काईच कळलं न्हाई त्याच्या तोंडावरनं."

शिल्पा उठली. अंगण ओलांडून वाटेला लागली, तेव्हा मागून त्याचा आवाज आला. तो केशरला सांगत होता.

"दार लावून घे."

"दिसाचं?" केशरने विचारलं.

"व्हय. दिसाचंच."

दाराची जुनी फळी रात्री नुसती लोटलेली असायची, पुरती कधी लावलेलीच नव्हती, ती फुगून बसली होती. आत बापलेक दोघं मिळून ती ओढत होती. शिल्पा वळणापर्यंत पोचली तरी ते दार लागलं नव्हतं.